रशियाने आर्मेनियाला सोडलं की आर्मेनियाने रशियाला?

अशोकस्तंभाजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवाचा वाद सुखोईवरून पेटला. नाना ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा पुतण्या स्पर्धा परीक्षा देतोय. तो म्हणाला, "काका, आर्मेनियाने 2019 मध्ये रशियाकडून चार सुखोई-30 घेतली. दुसऱ्याच वर्षी अझरबैजानशी युद्ध झालं आणि ती लढायला गेलीच नाहीत. क्षेपणास्त्रंच नव्हती. त्यांच्या पंतप्रधानांनी, निकोल पाशिनयान यांनी, 2021 मध्ये स्वतः सांगितलं."

नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "क्षेपणास्त्रांशिवाय सुखोई? अरे, आपल्या सुखोईला हत्यारं लटकवायला बारा जागा असतात. त्या रिकाम्या ठेवून ते विमान उडवायचं कशाला?"

"चूक घेणाऱ्याची," सुभेदार म्हणाले. त्यांची सगळी नोकरी तोफखान्यात झाली, शेवटची वर्षं देवळालीत. "विकणाऱ्याने विकलं. आणि आता म्हणे रशियाने दगा दिला, म्हणून अमेरिकेच्या आणि युरोपच्या दारात. ह्या छोट्या देशांचं असंच असतं, वारा येईल तशी पाठ."

मला ते सहन झालं नाही. गेली काही वर्षं मी त्या देशाच्या बातम्या नेमाने वाचतोय. म्हटलं, सुभेदार, आर्मेनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या निम्मी. पश्चिमेला तुर्कस्तान, जिथे 1915 पासून त्यांच्या लाखो माणसांची कत्तल झाली. पूर्वेला अझरबैजान. ह्या दोन्ही सीमा तीस वर्षांहून जास्त काळ बंद. अशा देशाला पाठ फिरवायला जागा तरी कुठे आहे?

माझं म्हणणं असं, की आर्मेनिया रशियाला बांधला गेला तो 1994 साली, आणि तेही अझरबैजानशी युद्ध जिंकल्यामुळे. नागोर्नो-काराबाख, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतला पण आर्मेनियन वस्तीचा डोंगराळ मुलुख, आणि त्याच्या भोवतीचे जिल्हे त्यांनी ताब्यात घेतले. अझरबैजानकडे तेल होतं, पाठीशी तुर्कस्तान. आज ना उद्या तो हिशोब करायला येणार हे उघड होतं. जिंकलेली जमीन राखायची तर मोठा पाठीराखा हवा. म्हणून 1995 मध्ये आर्मेनियातल्या ग्युमरी शहरातल्या रशियन लष्करी तळाचा करार झाला. 2010 मध्ये त्याची मुदत 2044 पर्यंत वाढवली. 2013 मध्ये युरोपीय संघाबरोबरचा करार तयार होता, तो ऐन वेळी बाजूला ठेवून आर्मेनिया रशियाच्या आर्थिक संघात जायला तयार झाला. पुढे पाशिनयानच म्हणाले, की आमची सुरक्षाव्यवस्था 99.999 टक्के रशियाशी जोडलेली होती. विजयाची ही किंमत त्यांनी पंचवीस वर्षं मोजली.

"मग 2020 ला रशिया का नाही आला?" पुतण्याने विचारलं.

इथे सुभेदारांनी मला बरोबर पकडलं. "येणारच नव्हता. करारात आर्मेनियाचं रक्षण आहे. काराबाख कायद्याने अझरबैजानचंच. जगातल्या कुठल्याच देशाने ते वेगळं मानलं नव्हतं, खुद्द आर्मेनियानेही नाही. सही जिथपर्यंत, तिथपर्यंतच फौज."

हे खरं आहे, आणि मी मान्य केलं. 27 सप्टेंबर ते 10 नोव्हेंबर 2020, ती 44 दिवसांची लढाई तुर्की ड्रोननी अझरबैजानच्या बाजूने फिरवली. रशियाने शेवटी शस्त्रसंधी घडवली आणि 1,960 शांतिसैनिक पाठवले. तोपर्यंत कराराच्या शब्दांना धक्का लागला नव्हता. पण सप्टेंबर 2022 मध्ये तोफगोळे पडले ते जेर्मुकवर. जेर्मुक गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, आणि ते आर्मेनियाच्या स्वतःच्या, सगळ्या जगाने मान्य केलेल्या हद्दीत आहे. आर्मेनियाने सामूहिक सुरक्षा करार संघटनेकडे, म्हणजे रशियाच्या पुढाकाराच्या लष्करी युतीकडे, रीतसर मदत मागितली. संघटनेने पाहणी पथक पाठवलं. सुभेदार, ह्याला काय म्हणाल?

सुभेदार थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याच आठवड्यात युक्रेनने खार्किवला रशियाला मागे रेटलं होतं. देणार कुठून पलटण?"

"हेच तर," वैद्य मॅडम मध्ये पडल्या. मॅडम इतिहास शिकवतात. "पाठीराखा दुसरीकडे अडकला की तुमचा करार कपाटात. त्याची लढाई तुमच्या लढाईच्या आधी येते."

आणि त्यांनी विषय थेट आनंदवल्लीला नेला. आपल्याच गंगापूर रोडला, जिथे राघोबादादांचा वाडा होता. "दादांना पेशवाई हवी होती. 1775 ला सुरतेचा तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, बदल्यात साष्टी आणि वसई. पुढे मुलाने, दुसऱ्या बाजीरावाने तेच केलं. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हरवल्यावर पळत गेला वसईला. 31 डिसेंबर 1802 ला तह, पुण्यात तैनाती फौज. सोळा वर्षांत पेशवाई संपली. ग्युमरीचा तळ म्हणजे तैनाती फौजच. ती तुमच्या खर्चाने राहते आणि दुसऱ्याच्या हुकुमाने चालते."

मॅडमचा मुद्दा मला पटतो, पण पूर्ण नाही. बाजीरावाने घरातल्या भांडणासाठी परका बोलावला. आर्मेनियाला जी भीती होती ती खरी होती, आणि तिला दुसरं कुणी उत्तर देत नव्हतं. पॅरिसहून पलटण येणार नव्हती, वॉशिंग्टनहूनही नाही. शेजारी ज्याचं सैन्य आहे त्याच्याकडेच माणूस जातो. त्याला लाचार म्हणायला मी तयार नाही.

आणि 2023 मध्ये जे झालं ते तर कुणावरही येऊ नये. काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा एकच रस्ता, लाचिनचा. डिसेंबर 2022 पासून तो अडवलेला. रशियन शांतिसैनिक त्याच रस्त्यावर उभे. काराबाखच्या राजधानीत, स्तेपानाकेर्तमध्ये पाव कूपनवर मिळायला लागला, गाड्यांना इंधन नाही. 19 सप्टेंबरला अझरबैजानने हल्ला केला, दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. लाखाहून जास्त माणसं आठवडाभरात घरदार सोडून निघाली. प्रवासासाठी पेट्रोल घ्यायला लोक एका डेपोवर रांगेत उभे होते, तिथे स्फोट झाला. दोनशेहून अधिक गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं मागे टाकून निघालेली माणसं, आणि तीही रस्त्यातच गेली. हे वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं. अशा देशाला वारा येईल तशी पाठ फिरवणारा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते मी सुभेदारांना तोंडावर सांगितलं.

त्यांनी ते ऐकून घेतलं. "माणसांबद्दल माझं काही नाही," एवढंच म्हणाले.

आबा इतका वेळ बोलले नव्हते. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे, माल परदेशात जातो. त्यांनी विचारलं, "त्यांचा माल कुठे जातो?"

रशियात. ब्रँडी, फळं, फुलं, भाजी. आणि जायला रस्ता एकच, जॉर्जियातून अप्पर लार्सच्या घाटातला. संबंध ताणले की तिथे ट्रक अडतात, कधी तपासणीचं कारण, कधी कागदांचं.

"मग सोडलं कसलं," आबा म्हणाले. "2010 ला युरोपने आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट ह्या रसायनाचे अंश काढले. कंटेनर बंदरात, माल आत. फोन करायचो तर समोरचा म्हणायचा, रिपोर्ट येऊ द्या. द्राक्ष काय रिपोर्टची वाट बघतंय का? त्या वर्षी कितीतरी जण बसले. आम्हाला निदान दुसऱ्या देशात माल वळवता तरी येतो. ज्याला बाजार एकच, त्याने कुठल्या तोंडाने भांडायचं? शेतकऱ्याने तिकडे मत कुणाला द्यायचं ते सांगा."

आबांच्या ह्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच धड उत्तर नव्हतं, आणि परराष्ट्र धोरणावर लिहिणाऱ्यांकडेही फारसं नसतं. गॅस गाझप्रोम ह्या रशियन कंपनीचा, कित्येक वर्षं हजार घनमीटरला 165 डॉलरच्या सवलतीच्या दराने. मेत्सामोरच्या अणुवीज केंद्राचं इंधन रशियाचं. रेल्वे 2008 पासून रशियन रेल्वेकडे चालवायला दिलेली. 2024 मध्ये पाशिनयान यांनी सुरक्षा संघटनेतला सहभाग गोठवल्याचं जाहीर केलं, पण आर्थिक संघातून ते बाहेर पडले नाहीत. कसे पडतील?

नानांनी ओझरचं उदाहरण दिलं, ते मला फार मोलाचं वाटलं. "1962 ला चीनने मारलं. नेहरूंनी अमेरिकेकडे मदत मागितली, थोडी आलीही. पण मिग-21 चा करार त्याच वर्षी रशियाशी झालेला होता. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, 63 ला आपल्या नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले, आणि 64 ला ओझरचा कारखाना आला. 71 च्या ऑगस्टमध्ये मैत्री करार. तेव्हापासून सगळं रशियन. आता त्याच ओझरला 2025 पासून तेजसची जुळणी सुरू झाली, इंजिन अमेरिकेचं. ते इंजिन वेळेवर येईना म्हणून विमानं रखडली. साठ वर्षं झाली तरी आपण अजून बदलतोच आहोत. आपण केवढे, ते केवढे! त्यांना एका रात्रीत जमेल का?"

"म्हणून तर ते आपल्याकडे आले," सुभेदारांचा आवाज एकदम बदलला. रशियाला पैसे देऊनही शस्त्रं आली नाहीत असं आर्मेनियानेच सांगितलं, मग भारताकडून पिनाका ही रॉकेट डागणारी यंत्रणा घेतली. पिनाका म्हटलं की सुभेदार बसल्या जागी ताठ होतात. "44 सेकंदांत बारा रॉकेट. त्यांच्या डोंगराळ मुलुखाला एकदम फिट. मारा करायचा आणि जागा सोडायची. ड्रोन येईपर्यंत गाडी तिथे नसते." हातवारे करून त्यांनी गाडी कशी वळते तेही दाखवलं. फ्रान्सकडूनही आर्मेनिया आता रडार आणि चिलखती गाड्या घेतोय.

पुतण्या म्हणाला, पाकिस्तान अझरबैजानच्या बाजूने होता, म्हणून भारताने विकलं. ते कारण आहेच. 2025 च्या मे महिन्यात तुर्कस्तान आणि अझरबैजान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने बोलले, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी अझरबैजानच्या राजधानीच्या, बाकूच्या सहली रद्द केल्या. पण आर्मेनियाच्या बाजूने पाहिलं तर भारताचा उपयोग वेगळा आहे. भारत तिथे तळ मागत नाही आणि भारताकडून घेतलं म्हणून रशिया फारसा चिडत नाही.

मॅडमना एवढ्याने समाधान नव्हतं. "8 ऑगस्ट 2025 ला ट्रम्प यांच्यासमोर अझरबैजानचे अध्यक्ष अलीयेव आणि पाशिनयान बसले. आर्मेनियाच्या दक्षिणेकडच्या स्युनिक प्रांतातून अझरबैजानला त्याच्याच तुटक तुकड्यापर्यंत, नाखिचेवानपर्यंत जाणारा मार्ग, त्याला ट्रम्प यांचंच नाव. म्हणजे एक तैनाती गेली, दुसरी आली?"

मी म्हटलं, फरक आहे. त्या जाहीरनाम्यात मार्ग आर्मेनियाच्या सार्वभौमत्वाखालीच राहणार असं लिहिलंय. अमेरिकन सैनिक तिथे येणार नाहीत.

"आणि उद्या तिथे गोळी झाडली तर?" सुभेदार.

अमेरिका लढायला येईल असं एकही वाक्य त्या कागदात नाही.

"मग रशियाच्या कागदात आणि ह्याच्यात काय फरक? त्या कागदात निदान वाक्य तरी होतं."

ह्यावर मी जे सांगितलं त्यावर अजून ठाम आहे. ते वाक्य होतं म्हणूनच आर्मेनियाने पंचवीस वर्षं दुसरीकडे बघितलं नाही, शेजाऱ्याशी तडजोड केली नाही, स्वतःचं सैन्य सुधारलं नाही. आता वाक्य नाही, तर ते तिन्ही गोष्टी करताहेत, आणि सुटताहेत ते एकेका चौकीने. 1 ऑगस्ट 2024 ला येरेवानच्या झ्वार्टनॉट्स विमानतळावरून रशियन सीमारक्षक गेले. 2025 च्या 1 जानेवारीपासून इराणकडच्या आगाराक नाक्यावर पासपोर्ट आर्मेनियाचा माणूस तपासतो.

"आणि ग्युमरी?" नानांनी विचारलं.

तिथे तळ अजून आहे.