नांगर टाकला शहापुरात

दोघांनीच शिडाची बोट घेऊन समुद्रात राहायला धाडस लागतं, असं म्हणणाऱ्यांचे नातेवाईक बेळगावात नसावेत. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य वारा असा उठतो की छोट्या बोटींनी गप बंदरात बसावं. बोटीवरच राहणारे आम्ही नवरा-बायकोही बोट कोचीच्या मरीनात, म्हणजे छोट्या बोटींच्या बंदरात, बांधतो, शिडं उतरवतो आणि सुटीला गावी येतो. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. लाट इथवर पोचत नाही, एवढंच त्याचं सुख.

पहिले दोन-तीन दिवस जमीनच हलते. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा लाटांना सरावलेली असते, ती बेळगावातही झुलत राहते. मावशीच्या न्हाणीघरात डोळे मिटून डोक्यावर तांब्या ओतला आणि थेट भिंतीला जाऊन टेकलो. बाहेर आलो तर काका मावशीला हळूच विचारत होते, "सकाळीच?"

समुद्रावर असतो म्हटलं की इथं अर्थ एकच, मर्चंट नेव्ही. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच, त्यामुळं गल्लीत एक तरी निवृत्त सुभेदार असतोच.

"रँक काय तुझी?"

"कॅप्टन."

सुभेदारकाका खुर्चीत जरा सरळ बसले. "हाताखाली माणसं किती?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं ज्या नजरेनं परत पाहिलं, त्यावरून आकडा लगेच ठरला. "कोणी नाही."

"पगार?"

"नाही. उलट मरीनाचं भाडं आपणच भरायचं."

"पेन्शन तरी?"

"तीही नाही."

"मग जातोस कशाला की रे?"

याचं उत्तर मला अजून कुठल्याच घरात देता आलेलं नाही.

खानापूरला मामांकडे जरा भाव खावा म्हणून मी दिलीप दोंदे यांचा विषय काढला. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय, 2009-10 साली. "आणि बोटीचं नाव काय माहितेय मामा? म्हादई!" हा शब्द खानापूर तालुक्यात उच्चारायचा तर हाताशी अख्खी दुपार हवी. म्हादई नदी याच तालुक्यात उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. जवळच कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेची वाट धरते. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही, यावर राज्यं भांडताहेत. मामांनी पाणी वळवण्याचा कळसा-भांडुरा प्रकल्प घेतला, हुबळी-धारवाडची तहान घेतली, गोव्याचं म्हणणं घेतलं, 2018 चा लवादाचा निवाडा घेतला. दोंदे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला पोचायच्या आत मामींनी पानं मांडली.

पाण्याचंच म्हणाल तर बोटीवर भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि गोडं पाणी फक्त वरून फिरवायचं, ही आमची सवय. अनगोळला मी वाटीभर पाण्यात ताट विसळलं, तर वहिनी दुखावल्या. "आमच्याकडं पाणी येतंय की वो, भावोजी!" नळ पूर्ण सोडून त्या शेजारी उभ्या राहिल्या. मला ते बघवेना.

खरी परीक्षा मार्ग आखण्याची. समुद्रात वारा, भरती-ओहोटी, खोली बघितली की झालं. बंदराला राग येत नाही. इथं टिळकवाडीची काकू आधी की शहापूरची मावशी, यावर बायको वही घेऊन बसते. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाकडे मुक्काम केला तर कोणाकडे निदान जेवावंच लागतं, सगळं त्यात. तरी गणपत गल्लीत ओळखीच्या कोणी पाहिलं की संध्याकाळच्या आत चिक्कोडीला कळतं. आमचा बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ एवढ्या लांब पोचत नाही. चहा नको म्हटलं तर कॉफी येते. जेवून आलोय म्हटलं तर "कुणाकडं?" येतं, आणि ते कॉफीहून कडक. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, तर प्रत्येक घरी त्यांच्या खास दुकानातला, म्हणून काल खाल्लेला हिशेबात धरत नाहीत. समुद्रात नकोशा जागी नांगर निसटतो. मावशीच्या सोफ्यावर मी त्याच आशेनं तीन तास बसलो. रात्री बोटीवर माझी पहाऱ्याची पाळीही तेवढीच असते, पण तिथं मधेच कोणी मांडे वाढत नाही.

मित्रांचं बरं असतं. त्यांच्या मते बोट गोव्यातच आहे आणि आम्ही ती त्यांच्यापासून लपवतोय. कोची म्हटलं की डोळा मारतात.

निघायच्या दिवशी सामानात लोणची, मेतकूट, कुंद्याचे डबे आणि काकूनं दिलेला मिक्सर. बोटीवर बारा व्होल्टच्या बॅटऱ्या आहेत, त्यावर हा चालणार नाही, हे मी तिला समजावलं. "मग जरा हळू फिरव," ती म्हणाली.

स्टेशनवर एर्नाकुलमच्या गाडीची वाट बघत होतो, तेवढ्यात निपाणीच्या आत्याचा फोन.

"चिक्कोडीपर्यंत येऊन गेलास म्हणे?"

मी काही बोलायच्या आत बायको मिक्सर माझ्या हातात देऊन तिकीट रद्द करायच्या रांगेत उभी राहिली होती.