माउसला हात लावू नये
संगणक शिक्षक म्हणून माध्यमिक शाळेत रुजू होताय ना? मग पहिल्याच दिवशी संगणक कक्षाची किल्ली कुणाकडे असते ते विचारून घ्या. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा बँकेत गेलेले असतात. ते येईपर्यंत तास संपतो. पहिला तास बरा गेला म्हणायचा.

पुढच्या तासाला खोली उघडली, तरी घाई नको. पोरांना चपला बाहेर काढायला लावा, रांगेत उभं करा, नियम सांगा. आत योजनेतून आलेले दहा संगणक, त्यातले चार सुरू होणारे, आणि वर्गात पासष्ट पोरं. हा भागाकार गणिताच्या सरांवर सोडा. भिंतीवर 'माउसला हात लावू नये' अशी पाटी बहुधा असतेच. नसेल तर एखाद्या सुवाच्य अक्षराच्या मुलीकडून लिहून घ्या.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'माहिती संप्रेषण तंत्रज्ञान : प्रगतीची नवी दिशा' असा अख्खा धडा आहे. तो विज्ञानाच्या सरांचा, पण फेब्रुवारीत ते तो प्रेमाने तुमच्या हवाली करतील. त्यात एक्सेलवर माहिती भरून आलेख काढायचा असतो. वीज नाही? फळा आहे ना! खडूने चौकटी आखा, वर ए, बी, सी, बाजूला एक, दोन, तीन. 'इन्सर्ट'वर क्लिक केल्यावर खिडकी कशी उघडते ते हातवारे करून दाखवा आणि चुकीची नोंद डस्टरने डिलीट करा. मुलं पट्टीने चौकटी आखून घेतील, एक्सेलचं शीट शिसपेन्सिलीने फार सुबक येतं. मागच्या बाकावरचा एखादा म्हणेल, "सर, ताईच्या मोबाइलवर मी हे करतो, उद्या दाखवू?" त्याला शाळेत मोबाइल आणायची बंदी आहे हे ठणकावून सांगा.

तासाचं एवढं पुरे, कारण तुमची गरज वर्गात नाही, कार्यालयात आहे. २०१५ पासून मुलांच्या ऑनलाइन नोंदींचं 'सरल' आहे, शाळेच्या माहितीचं यू-डायस आहे, पगारबिलांचं 'शालार्थ' आहे, शिष्यवृत्तीचे आणि बोर्डाचे फॉर्म आहेत. हल्ली मुलांच्या ओळख क्रमांकाचं 'अपार'ही आलं आहे. दिवसा सर्व्हर चालत नाही, म्हणून रात्री अकरानंतर बसा. एखाद्या विठ्ठलच्या आधारवर स्पेलिंगात एक टी असेल आणि जनरल रजिस्टरप्रमाणे दोन. त्या एका टीपायी तो पटावर धरला जाणार नाही, पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एखादं पद उडेल आणि ज्यांचं पद जाणार ते सर सकाळीच तुमच्या दारात येतील. शाळेचं कामकाज माहिती-तंत्रज्ञानावर चालतं म्हणतात ते काही खोटं नाही!

सहकाऱ्यांना कमी लेखू नका. सगळ्यांकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे, वेतनवाढ अडू नये म्हणून वेळेत मिळवलेलं. तेव्हा "सर, ही फाइल जरा अटॅच करून द्या ना" असं कुणी म्हटलं की हसू दाबून ठेवा आणि अटॅच करून द्या.

राहता राहिला पगार. त्याबद्दल फार बोलू नये. २००४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या आयसीटी योजनेतून राज्यात 'बूट' पद्धतीने संगणक कक्ष उभे राहिले. कंपनीने कक्ष बांधायचा, काही वर्षं चालवायचा आणि मुदत संपली की शाळेकडे सोपवायचा. शिक्षकही कंपनीचाच, कंत्राटी. मुदत संपली तेव्हा संगणक, टेबलं, खुर्च्या शाळेच्या दप्तरी जमा झाल्या. माणसाची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची ते मात्र ठरलेलं नव्हतं, म्हणून तो घरी गेला. आझाद मैदानात बसूनही पाहिलं त्याने. तुम्ही आधी खुर्चीच्या तळाशी रंगवलेला, शाळेच्या सामानाच्या नोंदवहीतला डेडस्टॉक नंबर बघा. आपल्यापेक्षा तिची नोकरी पक्की आहे हे ध्यानात ठेवलं की मन शांत राहतं.

तपासणीच्या दिवशी मात्र कसूर नको. दारात संगणकाची रांगोळी काढून घ्या, सगळी कव्हरं उतरवा, धुतलेल्या गणवेशातली चार-पाच मुलं प्रत्येक संगणकापुढे बसवा. त्या दिवसापुरती पाटी उलटी करा आणि एकेकाचा हात माउसवर ठेवा. नेमकी वीज गेली किंवा बिल थकल्यामुळे तोडलेली असली, तरी हरकत नाही. ते बिल वेतनेतर अनुदानातून भरायचं असतं आणि ते अनुदान स्वतःच्या सवडीने येतं. मुलांना काळ्या पडद्याकडे एकाग्रतेने बघायला सांगा आणि फोटो मागच्या बाजूने काढा, म्हणजे पडद्याऐवजी पाठी दिसतील. जिओ-टॅग लावायला विसरू नका. फोटो तुमच्याच डेटापॅकवर चढवायचा आहे, शाळेचं नेट मे महिन्यातच बंद झालंय. चढला की लगेच कव्हरं घाला आणि मुलांना हात धुऊन यायला सांगा, कीबोर्डवर फार धूळ असते.