खटका

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी गीझरचं बटण दाबलं आणि अख्खं घर गप्प झालं. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, आईच्या खोलीतला रेडिओ ओवीच्या मध्यावर थांबला. खिडकीतून बघितलं, तर समोरच्या इमारतीत दिवे सुरू. लाईट सगळ्यांची गेली की माणूस निवांत असतो. फक्त आपलीच गेली की त्यात आपल्या कर्तृत्वाचा काहीतरी वाटा असतो.

आमच्या विजेच्या बोर्डाची पेटी चपलांच्या कपाटाच्या वर आहे. तिथे ती का बसवली ते बिल्डरला माहीत. स्टुलावर चढून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. एकेका लाइनचे छोटे खटके, म्हणजे एमसीबी, सगळे शिस्तीत वर होते, डावीकडचा रुंद खटका तेवढा मान टाकून बसला होता. मी वर केला. टक्. पडला. पुन्हा वर केला. टक्.

"अहो, जरा जोर लावा," खालून बायको.

"बाबा, आधी पूर्ण खाली ओढायचा, मग वर," चिरंजीव अंथरुणातूनच. हे मात्र खरं निघालं. अर्धवट लोंबकळणारा खटका आधी खाली ओढल्याशिवाय अडकतच नाही. यावेळी तो दोन सेकंद टिकला. रेडिओवर अभंगाचा एक शब्द उमटला आणि टक्.

आमच्या अण्णांच्या वेळी हे नव्हतं. पायरीखालच्या बोर्डात चिनीमातीचे फ्यूज असायचे. फ्यूज उडाला की अण्णा बनियनवर तार गुंडाळायला बसत, आणि सारखा उडायला लागला की एकाऐवजी तीन पदर घालत. मग फ्यूज उडत नसे. भिंत गरम व्हायची, पण ती बिचारी काही बोलत नसे.

तेवढ्यात टकटक ऐकून समोरचे काका दार उघडून आले. "ईएलसीबी आहे तो, शॉकपासून वाचवणारा. फार नाटकी असतो. आमच्याकडचा मी काढूनच टाकला. डायरेक्ट करून टाका!"

इथे मला माझा धंदा सांगितला पाहिजे. मी एका सहकारी बँकेत अंतर्गत लेखापरीक्षक आहे. 'डायरेक्ट करून टाका' हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं 'ॲडजस्ट करून टाका' या रूपात ऐकतोय. त्यामुळे अंगावर काटा आला. शॉक न लागता.

साडेआठला वायरमन आला. कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर, चेहऱ्यावर सर्जनचा थंडपणा. मी माझा तपास सादर केला: गीझर लावल्यावर पडला म्हणून गीझरचा एमसीबी पाडला, तरी पडतो. मग एकेक करत सगळेच पाडले, तरीही पडतो. म्हणजे खटकाच बिघडलाय, नवीन बसवा.

"खटका चांगला आहे साहेब," तो म्हणाला. "हा हिशेब बघतो. फेजमधून जेवढा करंट घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला पाहिजे. तीस मिलिॲम्पियरचा फरक दिसला की पडलाच."

मी स्टुलावरच बसलो. दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ नऊ ॲम्पियर ओढतो, म्हणजे नऊ हजार मिलिॲम्पियर. त्यात तिसाचा फरक, आणि हा गृहस्थ सेकंदाच्या आत कार्यालय बंद करतो! ना खुलासा मागवणं, ना न जुळलेली रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकणं. मी ज्या शाखांमध्ये जातो तिथले लोक मला बघून का कण्हतात, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"यातलं टेस्टचं बटण कधी दाबलंत?"

"कधीच नाही." दुसऱ्यांच्या तिजोऱ्या मी न सांगता जाऊन मोजतो.

"पण सगळे एमसीबी बंद असताना फरक येतो कुठून?"

"हे छोटे एमसीबी फक्त फेज तोडतात. न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. प्लगच्या बटणाचंही तेच. कुठे न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल, तर बटण बंद करून उपयोग नाही. सकाळी बिल्डिंगभर गीझर चालू, न्यूट्रलवर थोडा दाब येतोच, तो तिथून अर्थिंगमध्ये पळतो. सगळे प्लग काढा."

म्हणजे खातं बंद केलंय, पण मागच्या दाराने व्यवहार चालूच. हे मला लगेच समजलं.

मग घरभर प्लग उपटण्याची मोहीम. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, चिरंजीवांचे चार चार्जर. प्रत्येक वस्तूबद्दल घरातल्या एकाचा संशय दुसऱ्यावर. मिक्सर मी बायकोच्या नावावर टाकला, तिने राउटर माझ्या. आईने शांतपणे रेडिओ काढून दिला, "बघा बाई, माझा तर नाही ना."

शेवटी बेडरूममधला प्लग निघाला आणि बाहेरून आवाज आला, "राहिला!" खटका वर उभा होता.

प्लगच्या दुसऱ्या टोकाला इस्त्री होती. तळाशी तिचीच वायर चिकटलेली, आवरण वितळलेलं, आतली तार धातूला टेकलेली. कुणीतरी रात्री कपडे झाल्यावर बटण बंद केलं, आणि गरम इस्त्री तिच्याच वायरवर ठेवून दिली. रात्री भार कमी, म्हणून ते खपून गेलं. सकाळी गीझर लागला आणि फरक उघडकीला आला. गीझर निर्दोष होता.

"काल रात्री इस्त्री कोणी केली?" बायकोने विचारलं. प्रश्न सर्वांना होता, नजर माझ्या शर्टावर. कडक इस्त्रीचा, पांढरा.

वायरमनने तीनशे रुपये घेतले. मी सवयीने पावती मागितली. तो हसला.

साडेअकराला शाखेत पोचलो. शाखाधिकारी चहा पुढे करत म्हणाले, "साहेब, फक्त चौदा रुपयांचा फरक येतोय. एवढं ॲडजस्ट करून टाकूया?"

"आधी सगळे प्लग काढा," मी म्हणालो.