दोन शब्द

"फार काही नको हो, दोन शब्द बोला," असं साहेब म्हणाले आणि माझी चार रात्रींची झोप उडाली. शेजारच्या टेबलावरच्या बाई निवृत्त होत होत्या. त्यांच्याशी मी रोज तासन् तास गप्पा मारतो. पण तेच बोलणं उभं राहून करायचं म्हटलं की माझे गुडघे राजीनामा देतात.

अभ्यासाला लागलो. १८६३ साली गेटिसबर्गला अब्राहम लिंकन जेमतेम २७० शब्द बोलले. त्यांच्याआधी एव्हरेट नावाचे नामांकित वक्ते दोन तास बोलले होते, पण जगाच्या लक्षात राहिले लिंकन. साहेबांच्या हिशेबाने तेही १३५ पट लांबलेच! मी ४१२ शब्द लिहून काढले. ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस म्हणे तोंडात खडे धरून सराव करायचा. मी खड्यांच्या वाटेला गेलो नाही. आयत्या वेळी माझी जीभच खडा होते.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा १९४८ सालचा संवादाचा आराखडाही वाचला. एक पाठवणारा, एक घेणारा, मधली वाट आणि त्या वाटेवरचा गोंगाट. तो होता तारायंत्र-टेलिफोनसाठी. पुढे माणसांना तो लागू करणाऱ्यांनी त्यात प्रतिसादाची भर घातली. श्रोत्यांचा प्रतिसाद बघत बोलावं, हे मी अधोरेखित केलं. तिथेच घात झाला.

नाव पुकारलं गेलं. अॅड्रिनलिनने कामगिरी चोख बजावली : छाती धडधडली, तोंड कोरडं पडलं, हात थरथरायला लागले. हातातला कागद असा फडफडत होता की पहिल्या रांगेला वारा लागला असावा. (कागदाऐवजी जाड पुठ्ठा घ्यावा, हे कुणीच कसं सांगत नाही?) माईक घेऊन मी स्पीकरसमोर जाऊन उभा राहिलो. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, अशी फुगडी सुरू झाली आणि कानठळ्या बसवणारी शिटी वाजली. घाबरून मी माईक हातभर लांब धरला आणि वाचू लागलो.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!"

प्रतिसाद! माझा आवाज फार होतोय, असा मी अर्थ लावला आणि सूर खाली आणला.

"आवाज! आवाज!" आता चार-पाच जण.

मी आणखी खाली आलो. तिसऱ्या "आवाज!"ला तर नुसते ओठ हलत होते. उरलेले तीनशेएक शब्द मी अशा रीतीने पूर्ण मूकपणे, पण योग्य हावभावांसह सादर केले आणि घामाघूम होऊन बसलो. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

मग बाई उठल्या. माईक बाजूला सारला, सगळ्यांकडे एकदा शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "आभारी आहे."

बसल्या. मी बोटांवर मोजलं. बरोबर दोन.

साहेब माझ्याकडे वळून कुजबुजले, "बघा. आता पुढच्या महिन्यात माझी निवृत्ती आहे. तेव्हाही तुम्हीच बोला, आजच्यासारखंच."