'सडेतोड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: मायलिन आलं म्हणजे नेमकं काय आलं?

सडेतोड साहेब,

पेलिझेयस-मर्झबाखर (जनुकातल्या बिघाडामुळे मेंदूत मायलिन, म्हणजे मज्जातंतूंभोवतीचं आवरण, नीट न बनण्याचा आजार) आणि मूळपेशी यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सव्वीस ओळी लिहिल्यात. त्यातल्या निम्म्या माझ्यावरच आहेत. "पालकांची आशा मारायचा धंदा", "एसीत बसून ज्ञान पाजळणं", "मुलं तीन की चार हेही माहीत नसलेला तज्ज्ञ" हे त्यातले मासले. उरलेल्या ओळींत उत्तर द्यावं असं एक वाक्य सापडलं: "अमेरिकेत चार मुलांच्या मेंदूत पेशी सोडल्या आणि मायलिन तयार झालं हे सिद्ध झालंय, तरी तुम्ही पुरावा कच्चा म्हणून हात झटकता."

आधी माझी चूक. मुलं चारच होती. सुधारणा तिघांत दिसली, चौथा होता तिथेच राहिला, आणि लिहिताना तो तीनचा आकडा हातून गेला. दुरुस्त केलं आहे. पण 'आकडा तपासा' एवढं लिहिलं असतंत तरी दुरुस्ती तेवढीच झाली असती. त्यासाठी माझ्या पदवीपर्यंत जायची गरज नव्हती.

आता 'सिद्ध'. ही चाचणी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली आणि निष्कर्ष २०१२ साली छापून आले. चारही मुलगे लहान वयातच गंभीर आजारी होते. कवटीला भोकं पाडून मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भागात दोन-दोन ठिकाणी पेशी सोडल्या. एकूण ३० कोटी, म्हणजे एका जागी साडेसात कोटी. पेशी दुसऱ्याच्या, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नऊ महिने चालू होती. ही पहिल्या टप्प्याची चाचणी होती. तिचा प्रश्न 'हे केल्याने मूल धोक्यात येतं का' हा होता. उत्तर मिळालं की पेशींमुळे म्हणावा असा अपाय दिसला नाही. तेवढं सिद्ध झालं, आणि ते कमी नाही.

मायलिनचं काय? एमआरआयला मायलिन दिसत नाही, त्याला पाणी दिसतं. मायलिनचं वेटोळं अक्षतंतूभोवती, म्हणजे मज्जापेशीच्या लांब धाग्याभोवती, घट्ट बसलं की पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीने सहज सरकतात, आडवे सरकायला मात्र त्यांना जागा उरत नाही. हा फरक मोजायच्या दोन आकड्यांपैकी फ्रॅक्शनल ॲनिसोट्रॉपी (पाणी एकाच दिशेने किती सरकतं त्याचं माप) वाढली आणि आडवा प्रसार कमी झाला, असं पेशी सोडलेल्या जागी आढळलं. त्याच मुलाच्या मेंदूतल्या लांबच्या भागात तसं आढळलं नाही, हेही खरं. पण तंतू जाड झाले, दाटीने बसले, तरी हेच आकडे तसेच हलतात. शिवाय या वयात मेंदू स्वतःच बदलत असतो. ज्याला पेशी दिल्याच नाहीत असा त्याच आजाराचा, त्याच वयाचा मुलगा शेजारी ठेवलेला नव्हता. म्हणून संशोधकांनी स्वतः 'या निष्कर्षांवरून असं सूचित होतं' अशी भाषा वापरली. 'सिद्ध' हा शब्द तुमचा आहे. लहान मुलांच्या मेंदूचे एमआरआय वाचण्यात माझी सतरा वर्षं गेली आहेत, एसीत का होईना. त्या बळावर सांगतो, चित्र पांढऱ्याचं करडं झालं म्हणून मायलिन कोणाच्या पेशीने बनवलं हे कोणालाच सांगता येत नाही.

सिद्ध झालेलं कसं दिसतं ते उंदरात बघा. शिव्हरर जातीच्या उंदराच्या जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे मायलिन घट्ट बसवणारं एमबीपी हे प्रथिन त्याच्यात बनतच नाही. दोन आठवड्यांचं पिल्लू थरथरायला लागतं, मग झटके येतात, चार-पाच महिन्यांत ते मरतं. २००८ साली रोचेस्टरच्या गोल्डमन यांच्या गटाने असल्या नवजात पिल्लांना मानवी ग्लियल पूर्वपेशी (ज्यांच्यापासून मायलिन बनवणाऱ्या पेशी तयार होतात) पाच जागी दिल्या. महासंयोजीच्या (मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या पट्ट्याच्या) पुढे-मागे दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास हजार, अनुमस्तिष्काच्या (लहान मेंदूच्या) देठात एक लाख, मिळून तीन लाख. पुढे मेंदूचा काप घेऊन एमबीपीचा रंग लावला. यजमानाकडे ते प्रथिन नाहीच, त्यामुळे जिथे रंग धरला तिथलं मायलिन माणसाच्या पेशीचं. वादच मिटला. काही उंदीर वर्षभराहून जास्त जगले. बरेचसे मात्र नेहमीच्याच वेळी मेले, हे तुमच्या आवडत्या व्हिडिओंत कोणी सांगत नाही. कारण साधं आहे. सोडलेल्या पेशीला पसरायला, पिकायला आणि वेटोळी घालायला महिने लागतात, आणि आजार तेवढा थांबत नाही.

आणि पिल्लाच्या बाबतीत हात जमवणंही सोपं नसतं. कवटी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसतात, द्यायचं ते मायक्रोलिटरभर. पेशी घातलेलं द्रावण नळीत उभं राहिलं तर पेशी तळाशी बसतात आणि एका जागी घट्ट, दुसरीकडे नुसतं पाणी जातं. गुठळी झाली तर काचेची सुई तुंबते. सुई झटकन ओढली तर आत सोडलेलं त्याच वाटेने वर येतं.

आता गणित करा. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, वर्षाच्या बाळाचा नऊशे ग्रॅमच्या घरात. दोन हजार पट धरा. उंदराच्या हिशोबाने बाळाला साठ कोटी पेशी लागतील, दिल्या तीस कोटी, त्याही चार जागी आणि सगळ्या कपाळामागे. मेंदूचा देठ, अनुमस्तिष्क, मज्जारज्जू यांना थेट काहीच नाही. पेशी आत गेल्यावर वाढतात हे मान्य. पण उंदरात मिलिमीटरभर चालणं आणि बाळात कपाळापासून मानेपर्यंत चालणं हे एक नव्हे. पुढे त्याच चौघांवर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं, त्यात दोघांच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं सापडली. म्हणजे औषध बंद झाल्यावर शरीर गप्प बसतंच असं नाही. पेशी पुरवणारी स्टेमसेल्स ही कंपनी २०१६ साली गुंडाळली गेली. हा पुरावा कच्चा नाही तर काय पिकलेला म्हणायचा?

"क्रॅबेला जमतं मग इथे का नाही," हे तुम्ही तीन प्रश्नचिन्हं लावून विचारलंत. क्रॅबे हाही मायलिन बिघडवणारा आनुवंशिक आजार, पण त्यात एक विकर (एन्झाइम) कमी असतं. नाळेच्या रक्तातल्या पेशी दिल्या की त्यांच्यातून निपजलेल्या भक्षक पेशी मेंदूत जाऊन बसतात, विकर बाहेर टाकतात आणि शेजारची आजारी पेशी ते उचलून घेते. विकर उसनं देता येतं. पेलिझेयसमध्ये बिघडलेलं पीएलपी हे आवरणातच रुतून बसणारं प्रथिन आहे, मेंदूच्या मायलिनमधल्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मं. ते शेजाऱ्याकडून घेता येत नाही, प्रत्येक ऑलिगोडेंड्रोसाइटला (मायलिन बनवणाऱ्या पेशीला) स्वतःच बनवावं लागतं. म्हणून तिथे रक्ताच्या मूळपेशींचा उपयोग नाही, पेशीच नवी लागते. आणि क्रॅबेला तरी किती जमतं? २००५ साली छापून आलेल्या अभ्यासात लक्षणांआधी, जन्मानंतर १२ ते ४४ दिवसांत प्रत्यारोपण झालेली अकराही बाळं जगली होती. लक्षणं दिसल्यावर केलेल्या चौदांपैकी निम्मीही नाहीत. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे चालण्याची अडचण आलीच. आपल्याकडे नवजात बाळांची क्रॅबेसाठी सरसकट तपासणीच होत नाही, तेव्हा ते ४४ दिवस गाठणार कसे?

बाकीच्या मुद्द्यांना एकेक ओळ पुरे.

पेशींपासून गाठ होण्याची "भीती घालतो" म्हणता. मॉस्कोत २००१ पासून तीनदा भ्रूणाच्या मेंदूपेशी दिलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी झाल्या आणि मज्जारज्जूतली काढून तपासलेली गाठ दात्यांच्याच पेशींची निघाली, हे २००९ साली छापून आलेलं आहे. मी रचलेलं नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही हेच द्या म्हणता. त्या बाळांत बहुतेक वेळा पूर्वपेशी असतात, वाढतातही, पण मेंदूत इजेने वण पडलेल्या जागी पिकायच्या अडून राहतात. जिथे घरच्याच पेशी पिकत नाहीत तिथे पाहुण्या का पिकतील, याचं उत्तर आधी द्या.

"मग पालकांनी करायचं काय" हा तुमचा प्रश्न लेखाच्या विषयाबाहेरचा आहे. तरी विचारलंतच तर: मायलिन कमी बनतंय की नुसतं उशिरा बनतंय हे एका एमआरआयवर ठरवू नका. सहा महिन्यांच्या अंतराने दोन हवेत आणि दुसरा पहिल्या वाढदिवसानंतरचा. एक्सोम तपासणी (जनुकांच्या प्रथिनं बनवणाऱ्या भागांची) नॉर्मल आली म्हणून पेलिझेयस नाही असं धरू नका. या आजारात बहुतेकदा पीएलपी१ जनुकाची जादा प्रत असते आणि ती एक्सोममध्ये निसटू शकते. त्यासाठी प्रतींची संख्या मोजणारी एमएलपीए तपासणी मागा.

शेवटी तुम्ही एका केंद्राची लिंक दिली होतीत. तिथे कमरेच्या हाडातली मज्जा काढून पाठीच्या मणक्यातून सोडतात आणि ती 'मायलिन दुरुस्त करते' असं लिहिलंय. रक्ताच्या पेशी ऑलिगोडेंड्रोसाइट होत नाहीत, म्हणूनच वर त्यांचा उपयोग नाही म्हटलं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर मूळपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणी असेल तर तिला सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीचा) क्रमांक असतो. त्या पानावर तो मला दिसला नाही. तुम्हाला दिसला तर कळवा. तोवर लिंक काढली आहे. प्रतिक्रिया मात्र 'धंद्या'सकट जशीच्या तशी ठेवली आहे.