‘एका ओन्लीवर अर्धा तास’ या तक्रारीला क्लासकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मित्राने आग्रह केला म्हणूनच हा इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला, साडेसहा हजार भरले, बॅचमध्ये एवढी गर्दी की तीन आठवडे खिडकीच्या कट्ट्यावर बसून काढले, मॅडमनी एका ‘ओन्ली’वर अर्धा तास घातला आणि एवढं करून ऑफिसात तोंड उघडायची हिंमत काही आली नाही.

आधी कट्ट्याचं. ते खरं आहे. 15 जणांची बॅच सांगितली होती आणि बसवले 21. संध्याकाळचे सर अचानक सोडून गेले, म्हणून दोन बॅचेस एकत्र केल्या. पण हे फी घेण्याआधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी.

तो अर्धा तास मात्र मी उद्याही घालीन.

वाक्य होतं, ‘तुम्ही बोलावलंत म्हणूनच मी आलो.’ तुम्ही म्हणालात, ‘आय केम बिकॉज यू कॉल्ड मी ओन्ली.’ अख्ख्या बॅचने माना डोलावल्या. दादर स्टेशनपासून आपल्या जिन्यापर्यंत हे इंग्रजी कुणालाही कळेल, रिक्षात फोनवर मीही तसंच बोलते. पण तुमचं काम बाहेरदेशच्या गिऱ्हाइकांशी. त्यांच्या कानाला याचा अर्थ लागू शकतो, ‘तुम्ही फक्त मलाच बोलावलंत, म्हणून आलो.’ जोर ‘म्हणून’वर हवा होता, तो जाऊन बसला ‘मला’वर.

असं का होतं? मराठीत जोर देणारा शब्द शेपटीला लागतो. म्हणून-च, तरी-ही, तेव्हा-सुद्धा. शाळेत याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणायचे, आठवत असेल. इंग्रजीत हाच शब्द जोडणाऱ्या शब्दाच्या पुढ्यात उभा राहतो: ओन्ली बिकॉज, इव्हन व्हेन, जस्ट ॲज, राइट आफ्टर. आपण ‘च’चं भाषांतर बरोबर करतो आणि मग सवयीने ते मागच्या मागे चिकटवतो. तुमच्या अभिप्रायातलं ‘आग्रह केला म्हणूनच’ बघा. ‘च’ कुठे लावायचा हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. इंग्रजीतली ती जागा मात्र घोटून घ्यावी लागते.

वेळेचंही तसंच. ‘गाडी सुटल्या सुटल्या’ याला ‘जस्ट आफ्टर द ट्रेन लेफ्ट’. ‘गाडी सुटायच्या कितीतरी आधी’ म्हणजे ‘लाँग बिफोर द ट्रेन लेफ्ट’. ‘टेन मिनिट्स बिफोर’सुद्धा त्याच खुर्चीत बसतं. ‘सून आफ्टर’ चालतं, पण ‘सून बिफोर’ कुणी म्हणत नाही, तिथे ‘शॉर्टली बिफोर’. याला नियम विचारू नका, पाठच करायचं. (बारावीचं ‘नो सूनर... दॅन’ तुम्हाला तोंडपाठ होतं. सुंदर आहे, पण मस्जिद बंदरच्या ऑफिसात ते वापरलंत तर लोक वळून बघतील.)

आता ‘इव्हन’. अभिप्रायात तुम्ही त्याला ‘फालतू तुकडा’ म्हटलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्हीच एकदा ऑफिसातला एक मेल दाखवायला आणला होता. त्यात लिहिलं होतं, ‘इव्हन दो युवर पेमेंट इज लेट, वुई विल डिस्पॅच.’ तुम्हाला म्हणायचं होतं, पैसे यायला उशीर झाला तरी आम्ही माल पाठवू. गिऱ्हाइकाने वाचलं, तुमचे पैसे थकलेत, तरी आम्ही उपकार करतोय. त्याने तर पैसे वेळेत भरले होते. बिचारा चिडणार नाही तर काय! आपलं ‘तरी’ दोन्हीकडे चालतं: पाऊस आला तरी येईन, पाऊस होता तरी आलो. इंग्रजीत त्याची दोन दारं आहेत. घडेल की नाही ठाऊक नसलं तर ‘इव्हन इफ’, घडलेलंच असलं तर ‘इव्हन दो’. आणि नुसतं ‘इव्हन’ दोन वाक्यं जोडतच नाही. ‘इव्हन आय कॉल्ड हिम, ही डिडन्ट पिक अप’ म्हटलं की ऐकणारा समजतो, मीसुद्धा फोन केला, म्हणजे आधी इतर कुणीतरी केला असणार. तुमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांचं हे वाक्य असंच होतं. ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ लावणारे वेगळे. तो ‘जरी-तरी’च्या जोडीचा प्रताप.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर होतं आणि मी चुकले. तुम्ही विचारलंत, ‘आय ओन्ली केम बिकॉज यू कॉल्ड’ असं एका मालिकेत ऐकलंय, ते चुकीचं का? मी फळ्यावर भली मोठी फुली मारली. ते चुकीचं नाही. बोलताना ‘ओन्ली’ क्रियापदाआधी सर्रास येतं आणि जोर कुठे आहे ते आवाज सांगतो. लिहिताना आवाज नसतो, म्हणून तिथे ‘ओन्ली बिकॉज’ एकत्र ठेवलेलं बरं, एवढंच मला सांगायचं होतं. चारचौघांत फुली मारल्यावर तुम्ही तो तास संपेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत, हे मला दिसलं होतं. हिंमत न येण्यात त्या फुलीचाही वाटा असेल. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं.

बोलण्याचा सराव कमी पडला, हेही कबूल. 21 जणांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन-चार मिनिटं यायची. गेल्या सोमवारपासून बॅच 14 जणांची केली आहे आणि शुक्रवारी वही बंद, नुसतं बोलायचं.

कट्ट्यावरच्या तीन आठवड्यांचे पैसे परत घ्या, किंवा तेवढे आठवडे नव्या बॅचमध्ये येऊन बसा, फी नाही. पैसे हवे असतील तर पावती सोबत आणा, नसली तरी चालेल, वहीत नोंद आहे. गुरुवारी सातनंतर मी क्लासमध्येच असते. आणि त्या गिऱ्हाइकाला दुसरा मेल अजून गेला नसेल, तर तोही घेऊन या.