कळलं नाही म्हणे!

रविवारी भाचा जेवायला आला होता. आमटी-भात ओरपून झाल्यावर सतरंजीवर लोळत म्हणाला, "मावशी, तू डोक्यावर घेतलेला तो '२००१: अ स्पेस ओडिसी' सिनेमा पाहिला गं. काही म्हणजे काही कळलं नाही."

कशावर पाहिलास? तर मोबाइलवर. हिंजवडीला जाता-येता, कंपनीच्या बसमध्ये. सुरुवातीची माकडं दीडपट वेगानं पळवली. शेवट डोक्यावरून गेला म्हणून तो समजावून सांगणारा वीस मिनिटांचा व्हिडिओ मात्र साहेबांनी शांतपणे, मूळ वेगानं पाहिला!

पुणेकरांची ही जुनीच खोड. गोष्ट कळली पाहिजे, आणि कळली रे कळली की समोरच्याला समजावून सांगता आली पाहिजे. नुसतं बघणं म्हणजे जणू वेळ वाया.

मी हा सिनेमा कॉलेजात असताना लॉ कॉलेज रोडच्या फिल्म आर्काइव्हमध्ये पाहिला. पहिली साधारण पंचवीस मिनिटं पडद्यावर कोणी चकार शब्द बोलत नाही. माझ्या मागे बसलेल्या आजोबांनी शेजारच्याला "बोलणार कधी हे?" असं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं. माकडानं वर भिरकावलेलं हाड खाली येता येता एकदम अंतराळयान होतं, तिथे ते गप्पच झाले.

मला अजून आठवतो तो मात्र पेन. यानातला प्रवासी झोपलाय, त्याचा पेन हातातून सुटून हवेत गोल गोल तरंगतोय. एअर होस्टेस पायांना चिकटणारे बूट घालून, तोल सांभाळत येते, पेन अलगद टिपते आणि त्याच्या खिशात खोचते. बास, एवढंच. आणि केलंय कसं? मोठ्या काचेला दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं पेन चिकटवला आणि काच फिरवली! आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभावी अशी युक्ती.

दुसरीकडे खर्चही दणदणीत. यानाच्या आतली गोल खोली म्हणून साधारण ३८ फूट व्यासाचं आख्खं चाक बांधलं होतं, खरोखर फिरणारं. एकजण शिडीवरून उतरून चालत चालत जेवत बसलेल्या दुसऱ्यापाशी येतो, त्या शॉटमध्ये जेवणारा सुरुवातीला वर उलटा, पट्ट्यानं बांधलेला आहे. चालणारा तळाशीच पावलं टाकतोय, खालून चाक फिरतंय. जिममधल्या ट्रेडमिलसारखं. कॉम्प्युटरनं काढलेलं एकही चित्र यात नाही. यानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यांवर जे दिसतं, तीसुद्धा मागून प्रोजेक्टरनं टाकलेली फिल्म. बरं, हे सगळं एप्रिल १९६८ मधलं. माणूस चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. चंद्रामागून वर येणाऱ्या पृथ्वीचा तो प्रसिद्ध फोटोही अजून निघायचा होता. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकला आयुष्यात एकच ऑस्कर मिळालं, तेही याच सिनेमाच्या दृश्य-करामतींसाठी. दिग्दर्शनाचं कधीच नाही, हे जरा अतीच झालं.

शेवटचा तो रंगांचा बोगदा मलाही थोडा लांबल्यासारखा वाटतो, कबूल.

पण भाच्याला मी काचेची युक्ती सांगून वर आणखी वेगळंच सांगितलं. म्हटलं, तुझी पणजी 'संत तुकाराम' बघायला बसली की वैकुंठाला न्यायला गरुड येताना दिसला रे दिसला, की हात जोडायची. १९३६ चा सिनेमा, दामले-फत्तेलालांचा, आपल्या प्रभातचा. जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथलाच. ती करामत आहे हे तिला काय कळत नव्हतं? स्वतः नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याची मुलगी ती. तरी हात जोडले जायचे. "हे केलं कसं असेल गं?" हे ती आम्हाला नंतर विचारायची, चहा पिताना. आधी बघून घ्यायची.

भाच्यानं मान हलवली. म्हणजे पटलं नव्हतं. मग मी टीव्हीवर सिनेमा लावला, खिडकीचे पडदे ओढले आणि त्याचा मोबाइल फ्रीजवर ठेवून दिला. वीस-पंचवीस मिनिटांनी पेन आला. तेवढा शॉट त्यानं रिमोटनं तीनदा मागे नेऊन पाहिला, पार टीव्हीला नाक लावून.

"मावशी, काच कुठंय गं?"